पाहुण्यांची होडी

“आणि ही शेळी?” बिडकर साहेबांनी विचारलं. “ही पण तुमची पाहुणीच का?”

“छे हो,” मथुरा म्हणाली. “तिचं सासर पलीकडं आहे. बोकड दाखवायला नेतोय.”

होडीतली माणसं हसली. शेळीची मालकीण सगळ्यात मोठ्यानं हसली. बिडकर साहेब हसले नाहीत. ते धक्क्याच्या शेवटच्या कोरड्या पायरीवर उभे होते आणि बूट भिजतील म्हणून दर लाटेला एक पाऊल मागं सरकत होते. माणूस घाटावरचा. पाण्याची त्यांना धास्ती, आणि नोकरी नेमकी खाडीवरच्या पुलाच्या कंपनीत मिळालेली.

“दत्ताराम,” ते मला म्हणाले, “तू तरी खरं सांग. हे प्रवासी आहेत की नाहीत?”

मी इंजिनाजवळ बसलो होतो. मी मथुरेकडे बघितलं. मथुरा माझी बायको. ती पुढं दोर धरून उभी होती, आणि तिनं नुसती भुवई वर केली.

“पाहुणे आहेत, साहेब,” मी म्हणालो आणि इंजिन चालू केलं. त्या आवाजात साहेब पुढं काय बोलले ते ऐकू आलं नाही.

गोष्ट पूल होऊन दुसरं वर्ष लागलं तेव्हाची. आमच्या वरवटण्यापासून बरंच वर, खाडी जिथं अरुंद होते तिथं, सरकारनं आणि एका कंपनीनं मिळून पूल बांधला. कंपनीनं पैसे घातले, सरकारनं जागा दिली, आणि तीस वर्षं कंपनीनं टोल घ्यायचा असं ठरलं. पूल चांगला होता. मी त्याला कधी वाईट म्हटलं नाही. पण करारात एक कलम होतं. टोल चालू आहे तोवर जवळपास खाडी ओलांडायची दुसरी सोय सरकार करणार नाही, आणि दुसऱ्या कोणाला करू देणार नाही.

दुसरी सोय म्हणजे मी.

खाडीवर माणसं नेणाऱ्या होडीला आमच्याकडं तर म्हणतात. वरवटण्याची तर माझ्या आजोबांनी चालवली, वडिलांनी चालवली, मग मी. पलीकडं खारशेत. दवाखाना, हायस्कूल, बाजार, सगळं खारशेतला. होडीनं गेलात तर एक विडी संपेपर्यंत पोचता. पुलावरून जायचं तर सहा आसनी रिक्षानं आधी वर जा, टोल भरा, मग तेवढंच खाली या. त्यामुळं माणसं होडीच धरायची, आणि रिक्षा टोलनाका सोडून माझ्या धक्क्यावर येऊन उभ्या राहायच्या. ते कंपनीच्या डोळ्यात खुपलं. नारळी पौर्णिमेला होडी पाण्यात घातली आणि मी परवान्यासाठी बंदराच्या ऑफिसात गेलो, तर तिथले साहेब म्हणाले, “यंदा नाही. वरून आलंय. मासे धरा, घरची माणसं न्या, आणा. प्रवासी नेलेत तर होडी जप्त.”

माझा थोरला भाऊ मुंबईला होता. त्यानं बोरिवलीला एका इमारतीत माझ्यासाठी वॉचमनची जागा बघून ठेवली. दिवाळीपर्यंत थांबतो म्हणाला. घरी येऊन मी मथुरेला दोन्ही सांगितलं. ती भाकरी थापत होती.

“जा,” ती म्हणाली. “खुशाल जा. मी काय येणार नाही. इमारतीच्या जिन्याखाली राहायला मला नाही जमायचं.”

“मग तू इथं एकटी?”

“एकटी कशी? हसीनाबी आहे. कोंबड्या आहेत.”

आम्हाला मूलबाळ नव्हतं. लग्न झाल्यापासून मी मासे मारायला गेलो तेवढंच काय ते घराबाहेर राहिलो. बायको सोडून मला राहता येणार नाही हे मला माहीत होतं, आणि ते तिला तोंडानं सांगायची मला लाज वाटत होती. म्हणजे दिवाळीच्या आत परवाना मिळायला हवा होता. नाहीतर मी तिकडं, ती इकडं.

भाकरी उलटून ती म्हणाली, “काय म्हणाला तो? प्रवासी बंद?”

“प्रवासी बंद.”

“पाहुणे बंद म्हणाला?”

“पाहुण्यांचं काही बोलला नाही. घरची माणसं चालतील म्हणाला.”

“मग झालं तर,” मथुरा म्हणाली. “परवाना मिळेल तेव्हा मिळेल. तोवर लोकांना पुलाची सवय लागता कामा नये.”

दुसऱ्या दिवसापासून तिनं धक्क्यावर उभं राहून प्रत्येकाला नातं वाटून द्यायला सुरुवात केली. तू मामेभाऊ, तू चुलतसासरा, तू भाची, आणि तू गप बस, तुझं नातं उद्या सांगते. पैसे घेणं बंद केलं. माझ्या आजोबांच्या वेळी तरवाल्याला पैसे कोणी देतच नसे. भात झोडलं की घराघरातून तरवाल्याचं भात यायचं. मथुरेनं तेच परत चालू केलं. कोणी भात, कोणी नारळ, कोणी सुकट आणून आमच्या पडवीत ठेवायचं. पाहुण्यानं रिकाम्या हातानं येऊ नये, एवढंच ती म्हणायची.

हसीनाबीला तिनं थोरली बहीण केलं. हसीनाबी बांगड्या विकायची, आठवडाभर या काठाहून त्या काठाला. बिडकर साहेबांनी हरकत घेतली.

“अहो मथुराबाई, ही मुसलमान. तुम्ही खारवी. बहीण कशी?”

“मानलेली.”

“मानलेलं नातं चालणार नाही.”

“का? तुमच्या कंपनीचं आणि सरकारचं रक्ताचं आहे का?”

हसीनाबी डोक्यावरची बांगड्यांची टोपली सावरत म्हणाली, “मथुरे, साहेबाला असं बोलू नकोस गो. बिचारा परका माणूस. त्याला इथं ना बहीण, ना मावशी. म्हणून रोज आपल्याला बघायला येतो.”

अडचण एकच होती, खेडेकर गुरुजी. ते वरवटण्याला राहायचे आणि खारशेतच्या हायस्कुलात शिकवायचे. त्यांना खोटं बोलता येत नसे. मामेभाऊ म्हणायचं ठरलं होतं, तर पहिल्याच दिवशी साहेबांसमोर मान खाली घालून म्हणाले, “मला मामेभाऊ म्हणायला सांगितलंय.” त्या संध्याकाळी मथुरा राखी घेऊन त्यांच्या घरी गेली. पौर्णिमा होऊन गेली होती तरी बांधलीच. “आता खरंच भाऊ झालात,” ती म्हणाली. गुरुजींना केवढं तरी बरं वाटलं. ते ती राखी दिवाळीपर्यंत घालून हिंडत होते. तिचा रंग जाऊन नुसता दोरा उरला, तरी साहेब दिसले की हात वर करून दाखवायचे.

असे दिवस चालले होते. परवाना काही येत नव्हता. मी दोनदा ऑफिसात जाऊन आलो. भावाचा निरोप आला, गणवेशाचं माप पाठव. मथुरेनंच मला उभं करून सुतळीनं माप घेतलं. छातीला सुतळी गुंडाळताना म्हणाली, “बारीक झालात. गणवेश ढगळ होईल.” एवढंच.

नवरात्र संपता संपता एक पोरगी आली. पाठीवर पिशवी, डोक्यावर मोठी टोपी, पायात बूट. ती बिडकर साहेबांच्या जीपमधून उतरली आणि सरळ होडीत येऊन बसली.

“कंपनीची आहे,” मथुरा माझ्या कानाशी म्हणाली. “आता हिला पाठवलंय. बाईमाणसाला बाया खरं सांगतील म्हणून.”

“तिला विचार ना कोण आहे.”

“चोराला विचारायचं, तू चोर का?”

पोरगी गोड बोलायची. मला काका म्हणाली, मथुरेला काकू. “मी दिवसभर तुमच्या होडीत बसून लोकांशी बोलले तर चालेल का?” मथुरा म्हणाली, “बस की. तू पण आमची पाहुणीच.” मग धक्क्यावर उभ्या असलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडली, “अगो, पाहुणे आलेत गो! नीट बोला!”

सगळे नीट बोलले.

पोरीनं हसीनाबीला विचारलं, “आजी, तुम्ही या होडीनं नेहमी जाता?”

“नेहमी कुठं? बहिणीची आठवण आली की जाते.”

“पूल का वापरत नाही?”

“पुलावर माझी बहीण नाही.”

एक बाई दवाखान्यात चालली होती. पोर कडेवर तापानं फणफणलेलं. तिनंही सांगितलं, “आत्याकडं चाललोय. सहज.” मच्छी घेऊन बाजाराला निघालेल्या बायकांनी सांगितलं, टोपलीत आहेर आहे. आहेर दोन्ही काठांना वास मारत होता. गुरुजींची पाळी आली तर त्यांनी न विचारताच हात वर केला. “ही माझी बहीण. मी रोज भेटतो.”

“आणि शाळा?”

“शाळाही आहे,” गुरुजी म्हणाले, आणि खाडीकडं बघत बसले.

पोरगी सगळं मन लावून ऐकत होती. मधूनच डोळे बारीक करायची, पण बोलली काही नाही. मथुरा खुशीत होती. संध्याकाळी तिनं पोरीला घरी जेवायलाच बोलावलं. “शत्रूला पोटभर घालावं,” मला म्हणाली, “म्हणजे त्याला झोप येते.”

पोरीचं आडनाव दाबके ऐकून, बामणाची असेल म्हणून मथुरेनं तिच्यासाठी वेगळी डाळ केली होती. पोरगी डाळ बाजूला सारून माझ्या ताटातल्या बांगड्याकडं बघत होती. शेवटी मथुरेनं तिच्या ताटात बांगड्यांचं तिखलं वाढलं. दोन बांगडे खाऊन झाल्यावर ती मोकळी झाली. नाव मैत्रेयी. पुण्याची. आणि ती कंपनीची नव्हतीच.

“मग बिडकरच्या जीपमधून कशी आलीस?” मथुरेनं विचारलं.

“स्टँडवर उभी होते. त्यांनी लिफ्ट दिली.”

मथुरेनं माझ्याकडं बघितलं. मी भात कालवला.

ती म्हणाली, तिचं काम संशोधनाचं आहे. सरकार आणि कंपन्या मिळून रस्ते, पूल, पाण्याच्या योजना बांधतात. त्याला भागीदारी म्हणतात. जगभर अशा भागीदाऱ्या चालल्या आहेत. कुठं त्या छान चालतात, कुठं फसतात. कशामुळं, ते ती देशोदेशी जाऊन बघते.

“भागीदारी कोणाकोणाची म्हणालीस?” मथुरेनं विचारलं.

“सरकारची आणि कंपनीची.”

“आणि आम्ही कोण त्यात?”

“तुम्ही... वापर करणारे.”

“म्हणजे लग्न त्यांचं, आणि आहेर आम्ही करायचा.”

पोरगी इतकी हसली की तिला ठसका लागला. पाणी पिऊन ती सांगू लागली. स्कॉटलंड म्हणून एक मुलुख आहे. तिथं एका बेटाला असाच पूल झाला आणि होडी बंद केली. लोक इतके चिडले की टोल द्यायला तयार होईनात. खटले झाले. अमेरिकेत एका टोलच्या रस्त्याला असंच कलम होतं. शेजारचा सरकारी रस्ता गर्दीनं तुंबला तरी सरकारला रुंद करता येईना. शेवटी सरकारनं तो टोलचा रस्ताच विकत घेऊन टाकला.

“म्हणजे हे कलम सगळीकडंच?” मी म्हणालो.

“पुष्कळ ठिकाणी आहे, काका. म्हणूनच मी इथं आले. आपल्याकडच्या करारांत या कलमातून होडीला सूट द्यावी का, ते सरकारला ठरवायचंय. उद्या खारशेतला बैठक आहे. सरकारचे इंजिनिअर येणार, कंपनीचे मोठे साहेब येणार. मी जे पाहिलं ते तिथं सांगणार.” मग ती समाधानानं म्हणाली, “खरं सांगू? मला इथं येऊन बरं वाटलं. बाकीच्या ठिकाणी होडी बंद झाल्यावर लोकांचे हाल झालेले मी पाहिलेत. तुमच्याकडं तसं काही नाही. दिवसभरात मला एकही प्रवासी भेटला नाही. सगळे तुमचे नातेवाईक. म्हणजे होडी बंद केल्यानं कोणाचं काही अडलेलं नाही.”

माझा घास हातातच राहिला. मथुरेनं हातातली पळी खाली ठेवली.

“असं सांगणार तू उद्या?” तिनं विचारलं.

“हो. सगळ्यांनी एकच सांगितलंय ना.”

“बाय माझे,” मथुरा म्हणाली, “ते सगळे खोटारडे आहेत.”

मग तिनं सगळं सांगितलं. आत्याकडं चाललेलं तापलेलं पोर, आहेराची मच्छी, राखी, शेळी, सगळं. मैत्रेयी हात न धुता ऐकत बसली. हसेल असं मला वाटलं होतं. ती हसली नाही.

“काकू, मला थोडी शंका आली होती. पण आता माझी पंचाईत झाली. हे सगळे प्रवासी आहेत असं मी उद्या सांगितलं, तर बिडकर तिथंच बसलेले असणार. ते म्हणतील, बघा, बिनपरवाना प्रवासी वाहतूक. होडी जप्त होईल. आणि पाहुणे आहेत असं सांगितलं, तर परवान्याची गरजच काय?”

“तिसरं काही सांग.”

“तिसरं काय सांगू? मी खोटं नाही सांगणार.”

“आमच्या गुरुजींसारखीच तू,” मथुरा म्हणाली, आणि ताटं उचलायला लागली. ती परसात भांडी घासत होती. मी पडवीत बसून बोरिवलीचा विचार करत होतो. तिथं रात्रपाळी असते असं भाऊ म्हणाला होता.

सकाळी मी होडी काढायच्या बेतात होतो तर धक्क्यावर ही गर्दी. रिक्षावर रिक्षा. चिऱ्यांनी भरलेला एक ट्रक पुलाच्या तोंडाशी उलटला होता. चिरे सगळ्या पुलावर पसरले होते. माणूस जखमी नव्हता, पण दुपारपर्यंत पूल मोकळा होत नाही असं रिक्षावाले सांगत होते. पुलावर जायला निघालेलं सगळं गाव माझ्या धक्क्यावर आलं होतं.

त्यातच कंपनीची जीप आली. बिडकर साहेब उडी मारून उतरले. मागून मैत्रेयी. बैठकीला चाललेली म्हणून तिला आजही लिफ्ट मिळाली होती. साहेबांनी टाय लावला होता.

“दत्ताराम, होडी काढ. लवकर. मोठे साहेब मुंबईहून आलेत, पलीकडं बसलेत. मला बैठकीला पोचायचंय.”

मी लगेच इंजिनाकडं वळलो. खोटं कशाला सांगू, मला वाटलं, नेऊन सोडू, साहेब खूश होईल. मथुरेनं दोरावर पाय ठेवला.

“कुठं निघालात?” ती मला म्हणाली. आणि मग साहेबांना, “आम्ही प्रवासी नेत नाही, साहेब. तुम्हीच बंद केलंत.”

मागची माणसं पुढं सरकली. साहेबांनी घाम पुसला.

“मथुराबाई, मस्करी पुरे. मी काही प्रवासी नाही.”

“मग कोण?”

साहेब इकडंतिकडं बघू लागले. मागून कोणीतरी म्हणालं, “पाहुणा म्हणा, साहेब!”

“हां. पाहुणा,” साहेब म्हणाले. “पाहुणाच समजा.”

“कोणाचा?”

हसीनाबी टोपली खाली ठेवून म्हणाली, “माझा जावई केला असता, पण मला लेक नाही.”

धक्का हसून लोळायला लागला. साहेबांचे कान लाल झाले. मनगटावरचं घड्याळ बघून, घसा खाकरून, ते हळूच म्हणाले, “बहीण समजतो तुम्हाला. मी तुमचा भाऊ. झालं?”

मला वाटलं, जिंकलो. यापेक्षा जास्त काय पाहिजे? पण मथुरेनं मान हलवली.

“नको. भाऊ मला पुष्कळ झालेत. आज मला भाऊ नको, प्रवासी पाहिजे.”

“म्हणजे?”

“म्हणजे तुम्ही कोण आहात, कुठं चाललात, आणि होडीनं का चाललात, ते या पोरीला मोठ्यानं सांगा. खरं काय ते. मग बसा.”

मैत्रेयी पुढं आली. तिनं टोपी काढून हातात घेतली. तिच्या लक्षात आलं होतं. बिडकर साहेबांच्या यायला वेळ लागला, पण आलं. ते एकदा पुलाच्या दिशेनं बघत होते, एकदा पाण्याकडं, एकदा घड्याळाकडं. पलीकडं मोठे साहेब बसले होते.

“मी प्रवासी आहे,” ते म्हणाले.

“ऐकू नाही आलं,” हसीनाबी म्हणाली.

“मी प्रवासी आहे! मला खारशेतला जायचंय, पूल बंद आहे, आणि दुसरी काही सोय नाही!”

“बसा, साहेब,” मथुरा म्हणाली आणि दोरावरचा पाय काढला.

साहेब बसायला गेले तर होडी हलली, तेव्हा त्यांनी मथुरेचाच हात धरला. ते बसले आणि मग मागून एकेक जण येऊ लागला. हसीनाबी पाय ठेवता ठेवता मैत्रेयीला म्हणाली, “मी पण प्रवासी. बांगड्या विकायला जाते. ही माझी कोणी नाही.” मथुरा म्हणाली, “एवढंही तोडू नकोस गो.” कालची ती बाई आली, पोर अजून तापातच होतं. “दवाखान्यात,” ती म्हणाली, “कालही तिथंच गेले होते.” मच्छीवाल्या म्हणाल्या, “प्रवासी, प्रवासी, सरका पुढं.” मागून शेळीवाली शेळीसकट चढली. बिडकर साहेबांच्या डोळ्यांदेखत सगळी होडी प्रवाशांनी भरली, आणि ते कोणाला काय म्हणणार? ते स्वतःच त्यात बसलेले.

गुरुजी शेवटी आले. “मीही प्रवासी,” ते म्हणाले, आणि हात वर करून दोरा दाखवला, “पण हे खरं आहे.”

खाडीच्या मध्यावर आल्यावर साहेबांनी डोळे मिटून घेतले. मैत्रेयी त्यांच्याशेजारी बसून शांतपणे सांगत होती, “बिडकर साहेब, पूल कधीतरी बंद पडतोच. असं कलम लिहिताना त्या दिवसाचा विचार करायला हवा होता. तेव्हा माणसांनी जायचं कुठून? होडी राहिली तर तुमच्याच पुलाची सोय होते.”

“मॅडम,” साहेब डोळे न उघडता म्हणाले, “काय लिहायचं ते लिहा. फक्त आधी काठाला लागू द्या.”

पलीकडच्या धक्क्यावर सरकारी इंजिनिअर आणि मोठे साहेब उभे होते. पुलावर काय झालं ते बघायला बाहेर आले होते. बंद झालेल्या होडीतून, शेळीला चुकवत, आपला माणूस उतरताना त्यांनी बघितला. इंजिनिअरनं विचारलं, “ही कोणाची होडी? हिला परवाना आहे का?” बिडकर साहेब माझ्याकडं न बघता म्हणाले, “मिळायला हवा, सर.”

बैठकीत काय झालं ते मला माहीत नाही. आम्ही बाहेर होडीत बसून होतो. पण दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात परवाना आला. त्यात लिहिलं होतं, पूल बंद असताना आणि अडीअडचणीच्या वेळी प्रवासी न्यावेत. मथुरेनं गुरुजींकडून दोनदा वाचून घेतलं.

“अडचण काय ते लिहिलंय?”

“नाही.”

“मग झालं,” ती म्हणाली.

बिडकर साहेब पुढंही धक्क्यावर यायचे. आता विचारायचे, “अडचण काय?” हसीनाबी म्हणायची, “सून.” साहेब म्हणायचे, “बसा.”

परवाना आला त्या संध्याकाळी मी आधी टेलिफोनच्या दुकानात गेलो आणि भावाला सांगितलं, गणवेश दुसऱ्या कोणाला दे. घरी येतोय तर मथुरा माजघरात पत्र्याच्या ट्रंकेपुढं बसून सामान बाहेर काढत होती. तिची लुगडी. माझे दोन सदरे. नारळ खवायची विळी, फडक्यात गुंडाळलेली. स्टोव्ह. भाकरीचा जुना तवा. तळाला मिठाची बरणी, तिच्याभोवती माझी जुनी लुंगी.

“हे काय?”

“ट्रंक रिकामी करतेय.”

“भरली कधी होतीस?”

“भरलेलीच होती. तुमच्या भावाचा पहिला निरोप आला तेव्हापासून.”

मी खाली बसलो. तवा हातात घेतला. “तू येणार नव्हतीस ना?”

“नवरा बोरिवलीला आणि मी इथं कोंबड्या मोजत बसणार?” ती म्हणाली. “आलेच असते. जिन्याखाली तर जिन्याखाली.”

“मग तेव्हा का नाही सांगितलंस? मी दोन-अडीच महिने झोपलो नाही धड.”

“माहीत आहे. बाजूलाच असते मी.” ती हसायला लागली. “सांगितलं असतं तर तुम्ही परवान्यासाठी एक फेरी मारली असती का? बायको संगती आहे म्हटल्यावर गणवेश घालून गेलाही असता. ओळखते मी.”

मला राग आला होता आणि हसूही येत होतं. मी तवा चुलीपाशी नेऊन ठेवला.

ती तशीच होती. मागच्या वर्षी ती गेली. त्याआधी तिच्या पोटात दुखायचं. कधीपासून, ते मला शेवटी शेवटी कळलं, आणि तेही खारशेतच्या डॉक्टरांकडून. महिनोन्‌महिने ती माझ्याच होडीतून माझ्याच समोर बसून त्यांच्याकडं जात होती. मी विचारलं की म्हणायची, बाजाराला. येताना मुद्दाम पिशवी भरून भाजी आणायची. दवाखान्याच्या पायरीवर मी तिला विचारलं, का नाही सांगितलंस? ती म्हणाली, “सांगितलं असतं तर तुम्ही होडी बांधून घरात माझ्यापाशी बसला असता.”

बसलो असतो.